कागद उजवीकडे सरकवा

एक कोरा कागद घ्या. वर मधोमध एका कादंबरीचं नाव लिहा. अट एवढीच, की ती कादंबरी आजवर कुणीही लिहिलेली नसावी आणि तिचा नायक तुमच्या डोक्यातून निघालेला असावा. साल १९३५ च्या आसपासचं. नाव असं हवं, की एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर दिसलं तर घाईत निघालेला माणूसही थबकावा. लिहिलंत? आता खाली दोन-तीन ओळींत गोष्ट सांगा आणि नायक सगळ्यात मोठ्या संकटात अडकला की तिथेच थांबा.

झालं? आता तो कागद तुमच्या उजवीकडे बसलेल्या माणसाला द्या.

एवढंच करायचं. पण या एका सरकवण्यात काय दडलंय, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो. भिवंडीत बहिणीकडे गेलो होतो. पावसाळी दुपार, मागच्या गल्लीतून यंत्रमागांची खटखट, जेवणाच्या टेबलाभोवती चार मुलं : माझा भाचा, भाची आणि शेजारची दोघं. चौघांकडे चार नायक होते आणि कुणाचा कुणाशी काडीचाही संबंध नव्हता. अर्ध्या तासानं तेच चार नायक वर्षानुवर्षांचे साथीदार झाले होते. त्यांच्यात जुने उपकार होते, जुनी भांडणं होती, 'त्या रात्री तू होतास म्हणून वाचलो' अशा आठवणी होत्या. आणि खेळ अजून सुरूही झाला नव्हता!

हे कसं घडलं? त्यासाठी आधी हा खेळ काय आहे ते पाहू.

समजा मी तुम्हाला म्हटलं, 'तुम्ही एका अंधाऱ्या लेण्याच्या तोंडाशी उभे आहात. आत कुणीतरी कुदळ चालवतंय. काय कराल?' तुम्ही म्हणालात, 'कंदील विझवून आत शिरेन.' झाला खेळ सुरू. याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. एक जण सूत्रधार, बाकी प्रत्येक जण एकेक पात्र. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. जिथे निकाल आधी सांगता येत नाही, तिथे फासे पडतात. कोकणातला दशावतार आठवा. कथानक माहीत असतं, पण संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. दशावताराच्या त्या हजरजबाबीपणाला फाशांचं गणित जोडलं, की हा खेळ तयार.

आणि याचं मूळ कुठे आहे म्हणता? प्रशियाच्या सैन्यात! तिथल्या अधिकाऱ्यांना लढाईचे डावपेच शिकवायला राइसविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे यांचा युद्धखेळ छापला. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यानं अशाच एका युद्धखेळात खेळाडूंना सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. आता पलटण हलवायची नाही, तर तो माणूस बनून बोलायचं. बघता बघता युद्ध मागे पडलं आणि माणसं पुढे आली. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला गेला, पहिल्या खेपेला हजार प्रती. लढाई शिकवणाऱ्या खेळाच्या पोटी गोष्ट सांगणारा खेळ जन्माला आला.

मुलांचा खेळ 'पल्प' धाटणीच्या साहसकथांचा होता, म्हणून आता 'पल्प'कडे वळू. पल्प म्हणजे लगदा. हो, अक्षरशः लगदा! एकेकाळी चांगला कागद सुती चिंध्यांपासून व्हायचा. म्हणजे आज भिवंडीत विणलं जातं तसलं कापड फाटून जुनं झालं, की त्याचं पान व्हायचं. मग लाकडाच्या लगद्यापासून कागद करायची युक्ती सापडली आणि कागद एकदम स्वस्त झाला. पण लाकडात लिग्निन असतं, झाडाच्या तंतूंना घट्ट धरून ठेवणारं. त्याला हवा आणि उजेड लागला, की ते पिवळं पडत जातं. जुन्या रहस्यकथांची पानं हळदीसारखी पिवळी का होतात, ते आता कळलं ना? फ्रँक मन्सी यानं १८९६ मध्ये आपलं 'आर्गसी' मासिक अशा कागदावर छापायला घेतलं आणि पल्पचं युग सुरू झालं.

स्वस्त कागदानं नायकही बदलला. दुकानात शेजारी वीस मासिकं मांडलेली असताना तुमचं मासिक उचललं जायचं असेल, तर नायक मवाळ असून कसं चालेल? तो एका वाक्यात कळायला हवा. काळ्या झग्यातला, अंधारातून हसणारा 'शॅडो' १९३१ मध्ये स्वतःचं मासिक घेऊन आला. पाठोपाठ १९३३ मध्ये 'डॉक सॅव्हेज' आला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर होते. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६. एका माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या! रोज एक वाचायला घेतली, तरी जवळजवळ तीन वर्षं पुरावी. गुन्ह्याचा छडा लावणारा धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू, कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारा काळा पहाड, आणि झुंजार व त्याची विजया. मराठी घरांत ही माणसं नातेवाइकांसारखी वावरली. वाचनालयातून भाड्यानं आणलेलं पुस्तक उद्या परत द्यायचं, म्हणून रात्री कंदिलाशी वाचणारे किती जण! पुढे नारायण धारपांचे समर्थ आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी आले, आणि मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आला.

आता खरी अडचण पाहा. धनंजय, झुंजार आणि काळा पहाड या तिघांना एका खोलीत बसवा आणि समोर एक गुन्हा ठेवा. काय होईल? धनंजय एकटा तो सोडवू शकतो. झुंजारही एकटा सोडवू शकतो. काळा पहाड तर दोघांच्या आधी खिडकीतून गेलेला असेल! असा नायक स्वतःला पुरून उरतो, तीच त्याची गंमत. पण जो स्वतःला पुरून उरतो, त्याला दुसरा लागतो कशाला? टेबलाभोवतीच्या चार मुलांचंही हेच झालं होतं. चौघांचे नायक पोहायचे, उडायचे, बंदूक चालवायचे आणि दहा भाषा बोलायचे. एकाच घरात चार थोरले भाऊ असावेत तसं!

डॉक सॅव्हेजच्या कथा बहुतांशी लेस्टर डेंट यानं लिहिल्या आणि या अडचणीवरचा तोडगाही त्या कथांत सापडतो. डॉक स्वतः सगळ्यात तरबेज. पण त्याच्या भोवती पाच साथीदार आहेत आणि प्रत्येक जण एकाच गोष्टीत जगात अव्वल. एक रसायनतज्ज्ञ, दिसायला गोरिलासारखा. एक वकील, कपड्यांचा शौकीन, हातातल्या काठीत तलवार लपवणारा. एक स्थापत्य अभियंता, बुक्कीनं दाराच्या फळ्या फोडणारा. एक विजेचा जादूगार, चेहऱ्यानं कायम आजारी. आणि एक पुरातत्त्वज्ञ, सोप्या जागी अवघड शब्द वापरणारा. गंमत लक्षात आली? प्रत्येकाला एक हुन्नर दिलाय आणि त्याच्याच शेजारी एक खोट दिलीय. या खोटेमुळेच माणूस लक्षात राहतो. रसायनतज्ज्ञ आणि वकील जन्मभर एकमेकांशी भांडतात आणि एकमेकांसाठी जीव टाकतात. १९४९ पर्यंत या मासिकाचे १८१ अंक निघाले.

तुम्ही म्हणाल, असली माणसं फक्त कागदावरच असतात. खरंच? मग १९३५ च्या आसपासची आपली माणसं बघा.

दामू धोत्रे. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेला मराठी माणूस, लहानपणीच सर्कशीत शिरला. वाघ, सिंह आणि बिबटे यांच्या पिंजऱ्यात उभा राहायचा. पुढे थेट अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीचा नामवंत प्राणिशिक्षक झाला.

पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे, जन्म १८८४. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढलेले. नंतर मेक्सिकोत जाऊन गहू-मक्याच्या वाणांवर काम करणारे शेतीशास्त्रज्ञ झाले. दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रातही ते दिसतात! अशी कादंबरी लिहिली तर संपादक म्हणेल, 'जरा आवरा.'

कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत. स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला, तरी हटल्या नाहीत आणि १९३३ मध्ये आत गेल्याच. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन बाहेर पडल्या. डॉकच्या त्या गोरिलासारख्या रसायनतज्ज्ञाला यांच्यासमोर नोंदवही घेऊन बसावं लागलं असतं.

दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. पुढे जुन्या नाण्यांना तराजूत तोलून त्यांतून इतिहास काढला आणि डोंगरवाटा तुडवत दगडी हत्यारं व लेणी धुंडाळली. इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीवरून, १९३० च्या सुमारास बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या मानवशास्त्रज्ञ. आणि याच १९३५ मध्ये मुंबईच्या पडद्यावर चाबूक घेऊन 'हंटरवाली' अवतरली. ती नाडिया, ऑस्ट्रेलियात जन्मलेली, धावत्या आगगाडीच्या टपावरची मारामारी स्वतः करणारी.

प्राणिशिक्षक, क्रांतिकारक, रसायनशास्त्रज्ञ, गणिती, मानवशास्त्रज्ञ आणि चाबूकवाली. ही सगळी माणसं एकाच काळात जगली! यांतल्या कुणाचंही नाव खेळात घ्यायची गरज नाही. पण आपला नायक घडवताना वास्तवाची उंची केवढी होती, हे माहीत असलेलं बरं.

आता टेबलाकडे परत येऊ. नायक कागदावर कसा उतरवायचा? पल्प नायकांसाठी 'स्पिरिट ऑफ द सेंच्युरी' नावाचा खेळ २००६ मध्ये आला. त्यातल्या सगळ्या नायकांचा जन्म १ जानेवारी १९०१ चा, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दिवसाचा! आम्ही त्याच खेळाची रीत घेतली. त्यात प्रत्येक नायकाला पंधरा कौशल्यं मिळतात, पण ती मनोऱ्यासारखी रचावी लागतात. शिखरावर एकच कौशल्य, पाच गुणांचं. त्याखाली चार गुणांची दोन, मग तीन गुणांची तीन, दोन गुणांची चार आणि पायाशी एकेका गुणाची पाच. डोळ्यांसमोर काय आलं? दहीहंडी! खाली भक्कम पाया, थरागणिक माणसं कमी आणि वर एकटा बाळगोविंदा.

या मनोऱ्यानं मुलांचं मघाचं भांडण एका झटक्यात मिटलं. शिखराची जागा एकच. सगळंच येणाऱ्या नायकाला विचारावं लागतं, 'बाबा रे, तुला सगळ्यात जास्त काय येतं?' मग भाचीचा निर्णय झाला. तिची नायिका भिवंडीच्या मागावर वाढलेली, यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठे बिघाड आहे ते सांगणारी. शेजारच्या मुलानं खाडीतला तांडेल घेतला, भरती-ओहोटी पाठ असलेला. त्याच्या बहिणीनं जुन्या लिप्या वाचणारी विदुषी घेतली. मोडी, फारसी, ब्राह्मी, समोर काय येईल ते वाचणारी. आणि भाच्यानं, दामू धोत्र्यांची गोष्ट ऐकल्यावर दुसरं काय घेणार? सर्कशीतला वाघांचा दोस्त.

आता फासे. या खेळाचे फासे वेगळे असतात. फाशाच्या दोन बाजूंवर अधिक, दोन बाजूंवर वजा आणि दोन कोऱ्या. असे चार फासे एकदम टाकायचे. ते विकत आणायची गरज नाही. लुडोचे चार फासे घ्या. एक-दोन पडले तर वजा, तीन-चार पडले तर कोरं, पाच-सहा पडले तर अधिक. चारही मिळून बेरीज वजा चार ते अधिक चार यांच्या मधे कुठेही येते आणि ती आपल्या कौशल्याच्या गुणांत मिळवायची.

साधं वाटतं? मोजून बघा. चार फासे, प्रत्येकाला तीन शक्यता, म्हणजे एकूण ८१ प्रकार. त्यांतल्या ५१ वेळा बेरीज वजा एक ते अधिक एक यांच्या मधेच येते. अधिक चार किती वेळा? ८१ मध्ये फक्त एकदा! म्हणजे ज्याला एखादी गोष्ट जेमतेम एका गुणाची येते, त्यानं पाच गुणांच्या वस्तादाच्या नेहमीच्या कामाची बरोबरी करायची, तर ८१ फेकींत एक संधी. वस्ताद बहुतेक वेळा वस्तादच राहतो. पण ती एक संधी मात्र कायम जिवंत असते आणि फासे हवेत असताना सगळं टेबल तिच्याकडे डोळे लावून बसतं.

आणि आता या खेळातली सगळ्यात देखणी कल्पना. प्रत्येक नायकाला दहा 'पैलू' असतात. पैलू म्हणजे त्याच्याबद्दलचं एखादं ठसठशीत वाक्य. तांडेलाचा एक पैलू होता, 'प्रत्येक बंदरात एक घेणेकरी'. ही तर खोट झाली, मग ती कुणी मुद्दाम का लिहून घेईल?

कारण हा खेळ खोटेचे पैसे देतो! ते असे. मी सूत्रधार होतो, माझ्यासमोर वाटीत चिंचोके. नाव कशेळीच्या धक्क्याला लागणार इतक्यात मी एक चिंचोका वर धरला आणि म्हणालो, 'धक्क्यावर तुझा घेणेकरी उभा आहे. पळायला वाट नाही.' मुलापुढे दोन रस्ते होते. पदरचा एक चिंचोका देऊन ते संकट टाळायचं, नाहीतर माझा चिंचोका घेऊन संकटात उडी मारायची. त्यानं क्षणभरही विचार केला नाही. चिंचोका झडप घालून घेतला, मूठ मिटली आणि म्हणाला, 'येऊ दे त्याला!'

तो चिंचोका नंतर कामी येतो. ऐन मोक्याला, आपल्याच एखाद्या पैलूचा आधार घेऊन तो वाटीत टाकला, की फाशांच्या बेरजेत दोन वाढतात. असे दोन चिंचोके जमले, तर झाले चार! म्हणजे ८१ मध्ये एकदा मिळणारा चमत्कार तुम्ही आधी सोसलेल्या संकटांच्या मोलानं विकत घेऊ शकता. पल्प कथेचा नायक पहिल्या प्रकरणात मार खातो आणि शेवटच्या प्रकरणात जिंकतो, असं का होतं? वाचताना आपल्याला ते लेखकाचं कसब वाटतं. इथे तोच न्याय वाटीभर चिंचोक्यांत बसवलाय. मुलं आपण होऊन खड्ड्यात उडी मारतात, कारण वर यायची शिडी त्याच खड्ड्यात ठेवलेली असते.

एवढं सगळं झालं, तरी नायक अजून वेगवेगळेच आहेत. आता तो कागद.

चौघांनी आपापल्या कादंबऱ्यांची नावं लिहिली. माग ऐकणारीची 'तानसाचा चोर'. तांडेलाची 'खाडीतला आंधळा दिवा'. लिपीवालीची 'लोनाडचा सातवा दरवाजा'. सर्कसवाल्याची 'वज्रेश्वरीचा वाघ'. नावं बघितलीत? एकालाही लंडन-न्यूयॉर्कला जावं लागलं नाही. का जावं? जी भिवंडी कल्याणसोबत १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि जिच्या खाडीकाठी मराठा आरमाराची गलबतं बांधायला सुरुवात झाली, तिथे साहसाला तोटा कसला? लोनाडला डोंगरात कोरलेलं बौद्ध लेणं आहे. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी आणि गणेशपुरीला जमिनीतून गंधकाच्या वासाचं कढत पाणी उसळतं. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर देवीचं मंदिर उभं राहिलं. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचं पाणी अजस्र नळांतून याच मुलखातून मुंबईला जातं. आणि वीज आली, तसे हातमागांच्या या गावात विजेचे माग धडधडू लागले. पल्प कादंबरीला आणखी काय हवं?

मग कागद उजवीकडे सरकले. नियम एकच. शेजाऱ्याच्या गोष्टीत तुमचा नायक पाहुणा म्हणून येतो. त्यानं काय केलं, ते एका वाक्यात लिहायचं. आणि पाहुण्यानं सगळं श्रेय लाटायचं नाही, कारण ती गोष्ट दुसऱ्याची आहे.

'तानसाचा चोर' भाच्याच्या हातात आला. मुंबईचं पाणी रोज थोडं थोडं गायब होतंय. माग ऐकणारी नायिका रात्री नळाला कान लावते आणि म्हणते, 'हे पाणी नाही. आत माणूस चालतोय.' कादंबरी तिथेच थांबलेली. भाच्यानं पेन्सिल चावली, छताकडे पाहिलं आणि लिहिलं, 'सर्कसवाला म्हणाला, माणूस नाही, चार पायांची चाल आहे, आणि तो नळाच्या तोंडाशी जाऊन बसला.' भाची ओरडली, 'अरे, हे मला सुचलंच नव्हतं!' तिच्या गोष्टीत तिलाच ठाऊक नसलेलं एक दार उघडलं होतं.

कागद पुन्हा एकदा सरकले. आता प्रत्येक कादंबरीत एक नायक आणि दोन पाहुणे झाले.

इथे थांबा आणि मोजा. चार जण म्हणजे किती जोड्या? सहा. प्रत्येक कादंबरीत तिघं असतात, म्हणजे फक्त एक जण बाहेर. चार कादंबऱ्या पूर्ण झाल्या, की सहाच्या सहा जोड्या बरोबर दोन-दोनदा एकत्र येऊन गेलेल्या असतात! कुणी ठरवलं नाही, कुणी यादी केली नाही. कागद दोनदा उजवीकडे सरकला, एवढंच.

मागच्या गल्लीतला माग आठवा. बीमवर गुंडाळलेला ताणा म्हणजे उभे धागे. शेजारी शेजारी शेकडो, सगळे ताठ आणि सगळे सुटे. नुसता ताणा म्हणजे कापड नव्हे, हात घातला तर बोटं आरपार जातील. मग धोटा सुटतो. त्याच्या पोटात कांडी, कांडीवर बाणा, म्हणजे आडवा धागा. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा तो या टोकाकडून त्या टोकाला जातो, एका धाग्याच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून, आणि सुट्या धाग्यांचं कापड होतं. टेबलावर सरकणारा तो कागद धोटाच होता. चार ताठ नायक, प्रत्येक जण आपल्या जागी खंबीर आणि सुटा. गोष्ट त्यांच्यामधून आडवी गेली आणि टोळी विणली गेली. टोळी जमवण्याचा सगळा खटाटोप आपण करतो तो 'कुणाला घ्यायचं' यावर. पण टोळी ठरते ती कोण कुणाच्या गोष्टीत गेलं, त्यावर.

आता पाच जण असते तर? दहा जोड्या. शेजारी बसलेल्या पाच जोड्या दोनदा भेटतात, एकाआड बसलेल्या पाच एकदा. तरीही कुणीच कुणाला परकं नाही! आणि सहा? पंधरा जोड्या. शेजारच्या सहा दोनदा, एकाआडच्या सहा एकदा, आणि समोरासमोर बसलेल्या तीन जोड्या एकदाही नाही. टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे, एकमेकांच्या थेट डोळ्यांत बघणारी माणसं एकमेकांना अनोळखी!

हे मी गणित म्हणून सांगत नाहीये. पुढच्या आठवड्यात ते खरंच घडलं. बातमी गल्लीभर झाली होती आणि टेबलाशी सहा जण बसले. नवीन दोघांनीही आपापल्या कादंबऱ्या लिहिल्या, सगळे कागद दोनदा फिरले आणि मी मोजायला लागलो. समोरासमोरच्या तीन जोड्या कोऱ्याच राहिल्या होत्या. तांडेल आणि नवी वैमानिक यांची कुठल्याच पुस्तकात गाठ पडली नव्हती. मी म्हणालो, 'थांबा, आणखी एकदा सरकवूया. ही भोकं बुजवली पाहिजेत.'

भाच्यानं कागदावर हात ठेवला. 'नको मामा,' तो म्हणाला. 'ते भेटलेच नाहीत ना? मग आजची गोष्ट तिथूनच सुरू करू.'

मी चिंचोक्यांची वाटी पुढे ओढली. तांडेलाकडे पाहिलं, मग त्याच्या थेट समोर बसलेल्या वैमानिकाकडे. 'रात्रीचा तिसरा प्रहर,' मी म्हणालो. 'ओहोटी लागलीय. खाडीच्या चिखलात एक विमान नाक खुपसून पडलंय, आणि लांबून एक नाव येतेय. काय कराल?'

टेबलाच्या दोन्ही बाजूंनी दोन हात एकदम फाशांकडे गेले.